नवी प्रवासी इंजिने आणि प्रादेशिक रेल्वेसेवेचा वेग : एक अर्थशास्त्रीय अभ्यास

भारतीय रेल्वेच्या व्याख्येनुसार ब्रॉडगेज मार्गावर ज्या गाडीचा वेळापत्रकानुसार सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक असतो, ती 'सुपरफास्ट' गाडी होय. अशा बहुतेक गाड्या ओढणारे डब्ल्यूएपी-७ हे विद्युत इंजिन मात्र ताशी १४० किलोमीटर वेगाने धावू शकते. २०१९-२० मध्ये मेल व एक्सप्रेस गाड्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर, तर साध्या पॅसेंजर गाड्यांचा सुमारे ३४ किलोमीटर होता. इंजिनाची क्षमता आणि प्रवाशाच्या वाट्याला येणारा वेग यांत एवढी मोठी तफावत का असावी? नव्या इंजिनांवर होणाऱ्या भांडवली खर्चाचा लाभ कोणाला व कोणत्या मार्गाने मिळतो? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार प्रादेशिक सेवांच्या, म्हणजे साधारणतः ५० ते ३०० किलोमीटर अंतरावर जिल्ह्याची ठिकाणे, तालुके व महानगरे यांना जोडणाऱ्या गाड्यांच्या संदर्भात केला आहे.

हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. या गाड्यांनी रोज प्रवास करणारा वर्ग प्रामुख्याने विद्यार्थी, कारखान्यांतील व कार्यालयांतील कर्मचारी, लहान व्यापारी आणि उपचारांसाठी शहरात येणारे ग्रामीण रुग्ण यांचा आहे. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय असतो तो अधिक भाड्याच्या रस्ता वाहतुकीचा. त्यामुळे प्रादेशिक गाडीचा वेग हा रोजगाराच्या संधी, शिक्षण आणि शहरांवरील लोकसंख्येचा भार यांच्याशी थेट निगडित असलेला विषय आहे.

प्रवासी इंजिनांची वाटचाल

देशातील पहिली विद्युत गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पश्चिम बंगालमधील चित्तरंजन येथे इंजिनांचा कारखाना सुरू झाला. प्रारंभी तेथे वाफेची इंजिने तयार होत. १९६१ मध्ये या कारखान्याने देशातील पहिले स्वदेशी विद्युत इंजिन तयार केले आणि त्याला 'लोकमान्य' असे नाव देण्यात आले. दरम्यान, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वेने २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाची प्रणाली स्वीकारली होती. पुढील बहुतांश विस्तार त्याच प्रणालीवर झाला.

इंजिनांच्या नावांतील अक्षरांचा अर्थ विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा. 'डब्ल्यू' म्हणजे रुंद मार्ग अर्थात ब्रॉडगेज, 'ए' म्हणजे प्रत्यावर्ती विद्युत प्रवाह आणि 'पी' म्हणजे प्रवासी गाडीसाठीचे इंजिन. मालगाडीच्या इंजिनासाठी 'पी' ऐवजी 'जी' हे अक्षर येते. सुमारे ५,००० अश्वशक्तीचे डब्ल्यूएपी-४ हे दीर्घकाळ प्रवासी वाहतुकीचे मुख्य इंजिन होते. १९९० च्या दशकात एबीबी या कंपनीकडून तंत्रज्ञान हस्तांतरणासह त्रिकला अर्थात थ्री-फेज इंजिने घेण्यात आली. त्यांतून ताशी १६० किलोमीटर वेगाचे डब्ल्यूएपी-५ आले. पुढे डब्ल्यूएजी-९ या मालवाहू इंजिनाच्या दातेरी चाकांचे गुणोत्तर बदलून चित्तरंजन येथे डब्ल्यूएपी-७ हे सुमारे ६,३५० अश्वशक्तीचे प्रवासी इंजिन विकसित झाले.

थ्री-फेज इंजिनांचे दोन गुण आर्थिकदृष्ट्या महत्त्वाचे आहेत. त्यांच्या मोटारींत झिजणारे ब्रश नसल्याने देखभालीचा खर्च कमी होतो. शिवाय ब्रेक लावताना मोटार जनित्राचे काम करते आणि निर्माण झालेली वीज वरच्या तारेत परत जाते. वारंवार थांबणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही बचत अर्थातच अधिक असते. याखेरीज इंजिनातूनच डब्यांतील दिवे, पंखे व वातानुकूलन यांना वीज पुरविण्याची सोय झाल्याने गाडीच्या टोकांना असणाऱ्या डिझेल जनित्राच्या डब्यांची गरज घटते आणि ती जागा प्रवाशांसाठी वापरता येते.

कमाल वेग की त्वरण?

वेगाविषयीच्या चर्चेत सामान्यतः कमाल वेगाचाच उल्लेख होतो. प्रादेशिक गाडीच्या बाबतीत मात्र निर्णायक ठरते ते त्वरण, म्हणजे थांब्यावरून निघाल्यावर वेग घेण्याची क्षमता. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

एका गाडीचा कमाल वेग ताशी १०० किलोमीटर, त्वरण सेकंदाला ०.१५ मीटर प्रतिसेकंद आणि ब्रेक लावताना मंदन ०.५ मीटर प्रतिसेकंद आहे असे मानू. दोन थांब्यांमधील अंतर ५ किलोमीटर असल्यास हे अंतर कापण्यास तिला बरोबर ५ मिनिटे लागतात. आता सुधारणेचे दोन पर्याय पाहू.

पहिला पर्याय : त्वरण तेच ठेवून कमाल वेग ताशी १३० किलोमीटर केला. पाच किलोमीटरच्या अंतरात ही गाडी १३० चा वेग गाठूच शकत नाही. ताशी सुमारे १२२ किलोमीटरला पोहोचताच तिला ब्रेक लावावे लागतात. वाचणारा वेळ फक्त ६ सेकंद.

दुसरा पर्याय : कमाल वेग १०० च ठेवून त्वरण ०.४ पर्यंत वाढविले. वाचणारा वेळ सुमारे ५८ सेकंद.

थांब्यांमधील अंतर ५० किलोमीटर असेल तर चित्र उलटते. पहिल्या पर्यायात ६ मिनिटांहून अधिक वेळ वाचतो, तर दुसऱ्या पर्यायातील बचत ५८ सेकंदांवरच राहते. याचा अर्थ असा की, लांब पल्ल्याच्या व कमी थांब्यांच्या गाडीला कमाल वेग उपयोगी पडतो, तर दर पाच-दहा किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला त्वरण उपयोगी पडते. पंचवीस थांबे असलेल्या गाडीची केवळ त्वरणामुळे होणारी बचत सुमारे २४ मिनिटांची असते. वळण, पूल किंवा दुरुस्तीचे काम यांमुळे वेग कमी करावा लागतो, त्या प्रत्येक ठिकाणीही हाच लाभ मिळतो.

त्वरणाची मर्यादा

अधिक अश्वशक्तीचे इंजिन लावले की त्वरण अमर्याद वाढेल, असे मात्र नाही. चाक व रूळ यांच्यातील घर्षण ही येथे मुख्य मर्यादा आहे. डब्ल्यूएपी-७ चे वजन सुमारे १२३ टन आहे. त्यामागे २४ डब्यांची, सुमारे १,३०० टनांची गाडी असेल, तर एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भार ओढणाऱ्या चाकांवर पडतो. त्यापलीकडे शक्ती वाढविल्यास चाके जागच्या जागी घसरू लागतात.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, गाडी लहान ठेवून तिला समर्थ इंजिन देणे. दुसरा, गाडीच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन लावून एकाने ओढणे व दुसऱ्याने ढकलणे, म्हणजेच 'पुश-पुल' पद्धती. तिसरा, वेगळे इंजिन न ठेवता डब्यांखालीच मोटारी बसविणे. मेमू गाड्या आणि १५ फेब्रुवारी २०१९ रोजी नवी दिल्ली ते वाराणसी या मार्गावर सुरू झालेली वंदे भारत ही तिसऱ्या उपायाची उदाहरणे आहेत. वंदे भारतमध्ये निम्म्या डब्यांखाली मोटारी असतात.

पुश-पुल पद्धतीचा लाभ महाराष्ट्रातील कसारा घाटात विशेषत्वाने दिसून आला. या घाटात ३७ मीटर अंतरास १ मीटर इतका तीव्र चढ आहे. तेथे गाडीला मागून ढकलण्यासाठी जादा 'बँकर' इंजिने जोडावी लागतात आणि ती जोडण्या-सोडण्यात वेळ जातो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ते हजरत निजामुद्दीन राजधानी एक्सप्रेसला दोन्ही टोकांना इंजिने लावल्यावर बँकरची आवश्यकता उरली नाही. त्यानंतर ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विना-वातानुकूलित अमृत भारत एक्सप्रेसमध्येही हीच पद्धती वापरण्यात आली. दरभंगा ते आनंद विहार आणि मालदा टाऊन ते बेंगळुरू या तिच्या पहिल्या दोन सेवा होत. सामान्य प्रवाशांच्या गाडीला नवे तंत्र देण्याचा हा प्रयत्न म्हणून त्याकडे पाहता येईल.

मंद गाडी आणि मार्गाची क्षमता

साध्या गाड्यांना जुनी इंजिने आणि प्रतिष्ठित गाड्यांना नवी, असा क्रम दीर्घकाळ रूढ होता. भाड्याच्या उत्पन्नाचा विचार करता तो स्वाभाविक वाटतो. परंतु मार्गाच्या क्षमतेचा हिशेब केल्यास निष्कर्ष बदलतो.

समजा, ६० किलोमीटरच्या एका विभागात गाडीला मागे टाकून पुढे जाण्याची सोय नाही. ताशी ४० किलोमीटर सरासरीने जाणारी पॅसेंजर गाडी हा विभाग ९० मिनिटांत पार करते, तर ताशी ९० किलोमीटरची एक्सप्रेस ४० मिनिटांत. म्हणजे पॅसेंजर निघाल्यानंतर किमान ५० मिनिटे एक्सप्रेसला थांबवावे लागेल. अन्यथा पॅसेंजरलाच आधीच्या स्थानकात बाजूला उभे करावे लागेल. व्यवहारात बहुधा दुसरी गोष्ट घडते. पॅसेंजरचा सरासरी वेग ६० किलोमीटर झाल्यास तिला ६० मिनिटे लागतात आणि हे अंतर २० मिनिटांवर येते. म्हणजे मंद गाडी वेगवान केल्याने मार्गावर ३० मिनिटे मोकळी झाली. त्या वेळात दुसरी गाडी सोडता येते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत, मंद गाडी इतर गाड्यांवर बाह्य खर्च लादते आणि तो कोणत्याही तिकिटात दिसत नाही. २०१५ च्या रेल्वेविषयक श्वेतपत्रिकेनुसार अति-घनतेच्या मार्गांवरील २४७ विभागांपैकी १६१ विभागांत क्षमतेच्या शंभर टक्के किंवा त्याहून अधिक वाहतूक होत होती. अशा मार्गांवर साध्या गाडीला समर्थ इंजिन देणे हा मागे येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या, मालगाडीच्याही, हिताचा निर्णय ठरतो. वेगवेगळ्या गाड्यांच्या वेगांतील फरक जितका कमी, तितकी मार्गाची क्षमता अधिक, हे तत्त्व विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

दुसरा लाभ गाडीच्या वापराचा. १५० किलोमीटरच्या मार्गावर एका गाडीला चार तास लागतात आणि अखेरच्या स्थानकावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावण्यासह एक तास जातो, असे समजू. पंधरा तासांत तिच्या तीन फेऱ्या होतील. प्रवास साडेतीन तासांवर आणि अखेरचा थांबा पुश-पुलमुळे पंधरा मिनिटांवर आला, तर तेवढ्याच वेळात चार फेऱ्या होतात. तेच डबे वापरून आसनक्षमता एक-तृतीयांशाने वाढते. नव्या इंजिनाची किंमत मोजताना टळलेल्या नव्या डब्यांची किंमत त्यातून वजा करणे आवश्यक आहे.

इंजिन आले, वेग केव्हा आला?

तरीही इंजिन हा वेगाचा एक घटक आहे. या संदर्भात अमेरिकेतील इलिनॉय राज्याचा अनुभव उद्बोधक आहे. शिकागो ते सेंट लुई हा सुमारे ४५७ किलोमीटरचा मार्ग प्रादेशिक सेवेचे उत्तम उदाहरण होय. या सेवेसाठी सीमेन्स कंपनीची ताशी २०० किलोमीटर क्षमतेची 'चार्जर' डिझेल-विद्युत इंजिने २०१७ मध्ये दाखल झाली. मात्र गाड्यांचा कमाल वेग त्या वर्षी ताशी १२७ किलोमीटरच्या आसपासच राहिला. २०२१ मध्ये तो सुमारे १४५ आणि जून २०२३ मध्ये सुमारे १७७ किलोमीटर झाला. मधल्या काळात रूळ, पूल, रस्ता-फाटके आणि गाडी आपोआप नियंत्रित करणारी यंत्रणा यांची कामे पूर्ण व्हावी लागली. या संपूर्ण प्रकल्पाचा खर्च दोनशे कोटी डॉलरच्या आसपास होता. इंजिन येणे आणि वेग येणे यांत सहा वर्षांचे अंतर पडले.

भारतातही हेच सूत्र लागू पडते. ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेली गतिमान एक्सप्रेस हजरत निजामुद्दीन ते आग्रा हे १८८ किलोमीटरचे अंतर १०० मिनिटांत पार करू लागली. तिचा कमाल वेग १६० असला तरी सरासरी ११३ च्या घरात होती. ज्या डब्ल्यूएपी-५ इंजिनाने ती धावली, ते त्यापूर्वी सुमारे वीस वर्षे देशात होते. वाट पाहावी लागली ती रूळ, कुंपण आणि सिग्नल यांची. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात 'मिशन रफ्तार' अंतर्गत पाच वर्षांत मेल-एक्सप्रेस गाड्यांचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरने वाढविण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. ते ठरलेल्या काळात साध्य झाले नाही, याचे प्रमुख कारण गाड्यांच्या दाटीत व मार्गांच्या अवस्थेत शोधावे लागते.

या दृष्टीने अलीकडील तीन बदल महत्त्वाचे आहेत. पहिला, ब्रॉडगेज जाळ्याचे विद्युतीकरण २०२५ पर्यंत ९८ टक्क्यांच्या पुढे गेल्याने वाटेत डिझेल इंजिन बदलण्याचा खोळंबा बहुतांशी संपला. दुसरा, लुधियाना ते सोननगर (१,३३७ कि.मी.) व दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर (१,५०६ कि.मी.) हे मालवाहतुकीसाठीचे समर्पित मार्ग. मालगाड्या त्यांवर वळल्यास जुन्या मार्गावर प्रादेशिक गाड्यांना वाव मिळतो. तिसरा, 'कवच' ही स्वदेशी स्वयंचलित संरक्षण प्रणाली. ताशी १३० किलोमीटरच्या वर चालकाने केवळ नजरेने सिग्नल पाहून गाडी चालविणे सुरक्षित मानले जात नाही.

स्वतंत्र मार्ग उपलब्ध झाल्यास काय साध्य होते, याचे उदाहरण दिल्ली–गाझियाबाद–मेरठ या ८२ किलोमीटरच्या प्रादेशिक मार्गावर दिसते. त्याचा पहिला टप्पा २० ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला आणि तेथील नमो भारत गाड्या ताशी १६० किलोमीटर वेग गाठतात. याउलट, सप्टेंबर २०२४ मध्ये भुज ते अहमदाबाद सुरू झालेली नमो भारत जलद गाडी जुन्याच मार्गावर धावते. तिने सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार ३५९ किलोमीटर ५ तास ४५ मिनिटांत, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर सरासरीने पार केले. पहिल्या पर्यायाचा खर्च कितीतरी अधिक आहे. देशातील बहुसंख्य जिल्ह्यांना दुसराच पर्याय परवडणारा आहे.

खर्च, भाडे आणि प्राधान्य

२०२४-२५ मध्ये देशात १,६८१ रेल्वे इंजिने तयार झाली. त्यांतील बहुसंख्य मालवाहतुकीसाठी होती. हे स्वाभाविक आहे, कारण मालवाहतुकीच्या उत्पन्नातूनच प्रवासी वाहतुकीची तूट भरून निघते. २०२२-२३ मध्ये प्रवासी भाड्यात सरासरी ४६ टक्के म्हणजे ५६,९९३ कोटी रुपयांची सवलत दिल्याचे सरकारने सांगितले आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रेल्वेसाठी २.५२ लाख कोटी रुपयांची भांडवली तरतूद करण्यात आली.

प्रादेशिक गाडीचे मूल्यमापन केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर केल्यास ती नेहमीच तोट्याची दिसेल. सामाजिक लाभ-व्यय विश्लेषणात प्रवाशांच्या वाचलेल्या वेळेचे मूल्य, रस्त्यांवरील घटलेली गर्दी व अपघात, वाचलेले इंधन आणि मार्गावर मोकळी झालेली क्षमता हे घटकही धरावे लागतात. रोज जाता-येता वीस-वीस मिनिटे वाचणाऱ्या प्रवाशाला वर्षातील २५० कामाच्या दिवसांत सुमारे १६६ तास मिळतात. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबात हे तास म्हणजे अभ्यास, विश्रांती किंवा पूरक कमाई होय. वेतनावर आधारित मूल्यमापनात गरिबांचा वेळ स्वस्त ठरतो, ही या पद्धतीतील उणीवही ध्यानात घेतली पाहिजे.

समारोप

प्रादेशिक सेवेच्या बाबतीत नव्या इंजिनांचे खरे देणे त्वरणात आहे. ते साध्या, अनेक थांब्यांच्या गाड्यांना मिळाले तर त्या गाड्यांच्या प्रवाशांबरोबरच संपूर्ण मार्गाला लाभ होतो. त्यासाठी इंजिने, रूळ, सिग्नल आणि वेळापत्रक यांवरील गुंतवणूक एकाच क्रमाने व एकाच मार्गावर व्हावयास हवी. या चारांपैकी जो घटक सर्वांत मागे असेल, त्याच्याच गतीने गाडी चालते. त्यामुळे नव्या इंजिनांच्या वाटपात पॅसेंजर गाडीचा क्रमांक शेवटचा ठेवणे ही दिसायला काटकसर, पण प्रत्यक्षात खर्चिक नीती ठरते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. प्रादेशिक रेल्वेसेवेत कमाल वेगापेक्षा त्वरण अधिक महत्त्वाचे का ठरते? उदाहरणासह स्पष्ट करा.
२. मंद गाडी इतर गाड्यांवर बाह्य खर्च लादते, या विधानाची मार्गक्षमतेच्या संदर्भात चर्चा करा.
३. इंजिनाने ओढलेली गाडी, पुश-पुल गाडी व डब्यांखाली मोटारी असलेली गाडी यांची आर्थिक दृष्टीने तुलना करा.
४. समर्पित मालवाहतूक मार्गांचा प्रवासी वाहतुकीवर कोणता परिणाम संभवतो?